मशीन सांभाळायला आणली

गेल्या दिवाळीआधी आमचं औरंगपुऱ्यातलं जुनं घर रिकामं करायचं होतं. बिल्डरशी करार झाला होता, तारीख ठरली होती, आणि माळ्यावर साठ-सत्तर वर्षांचा पसारा होता. पितळी डबे मोडीत गेले. मासिकं रद्दीवाल्याच्या काट्यावर चढली. एका पत्र्याच्या पेटीत लग्नपत्रिका, जुनी रेशनकार्डं, बाबांच्या मार्कशीट निघाल्या आणि सगळ्यात खाली धोतराच्या फडक्यात बांधलेल्या तीन वह्या.

वह्या अण्णांच्या. अण्णा म्हणजे माझे आजोबा. निजामाच्या राज्यात खेड्यावर मास्तर होते, पुढे शहरात आले. १९८८ साली, माझ्या जन्माआधीच गेले. माझ्यासाठी ते भिंतीवरचा काळी टोपी घातलेला फोटो होते, बस.

पहिल्या वहीत तारखा फसली सनातल्या आहेत आणि हिशेब हाली रुपयांतले. मराठी मजकुरात मध्येच उर्दू शब्द येतात, काही ओळी मोडीत आहेत. बहुतेक पानं कंटाळवाणी. शाळेत किती पोरं आली, गूळ कितीला घेतला, कोणाला ताप आला. मग १९४८ साल येतं.

उन्हाळ्यातली एक नोंद आहे. गावावर रझाकार येणार अशी बातमी आली. शेजारी एक शिंपी राहायचा. त्याने अण्णांना, आजीला आणि दोन पोरांना त्यांच्याच घरात बसवलं आणि बाहेरून स्वतःचं कुलूप लावलं. मास्तर बायकापोरांसह गावाला गेला, घर रिकामं आहे, असं त्याने आलेल्यांना सांगितलं. शिंपी मुसलमान होता. अण्णांनी त्याचं नाव लिहिलं आहे, त्याच्या बायकोचं आणि तीन मुलांचंही. मी इथे एकही नाव लिहीत नाही. का, ते पुढे येईल.

दुसरी नोंद सप्टेंबरच्या अखेरीची. 'शेजारचे रात्री निघून गेले. घर उघडं टाकलं आहे. मशीन सांभाळायला आणली.'

मशीन म्हणजे शिलाई मशीन. शिंप्याच्या घरातली सगळ्यात किमती वस्तू आणि त्याचं पोट.

दोन महिन्यांनी: 'चौकशीला कोणी आलं नाही.' पुढच्या वर्षी: 'मशीनला तेल दिलं. हिने पोरांचे सदरे शिवले.' त्यानंतर तिन्ही वह्यांत त्या कुटुंबाचा उल्लेख नाही.

ती मशीन आमच्या घरात सगळ्यांनी पाहिलेली आहे. आजीनंतर ती आत्याकडे गेली. आत्याचे यजमान तिच्या एकतिसाव्या वर्षी गेले. सिडकोतल्या दोन खोल्यांत त्या मशीनवर ब्लाउज आणि परकर शिवून तिने दोन पोरांना शिकवलं. एक इंजिनिअर झाला, एक शिक्षिका. 'अण्णांची मशीन' हे आमच्या घरात कष्टाचं दुसरं नाव आहे.

वह्या वाचून झाल्या आणि घरात तीन तट पडले. काका म्हणाले, 'बारव्या-तेराव्याला सोडायचं ते आता वर काढू नका, नदीत सोडा नाहीतर जाळा.' माझी चुलत बहीण तेवढ्यात चाळीस पानं फोनवर स्कॅन करून बसली होती. 'असं मटेरियल कोणाकडे नाही,' ती म्हणाली, 'इन्स्टावर सिरीज करू.' मला वाटत होतं, वह्या एखाद्या संग्रहात द्याव्यात. आत्या काहीच बोलली नाही. ती उठून चहा टाकायला गेली.

जाळणं, पोस्ट करणं आणि संग्रहात देणं. गेले काही महिने मी या तीन गोष्टींचा विचार करतोय. कारण प्रश्न आमच्या वह्यांपुरता नाही. मेलेल्या माणसाच्या खासगी कागदाचं जिवंत माणसांनी काय करावं?

मेलेल्याची प्रायव्हसी

काकांचं म्हणणं आधी घेऊ, कारण ते वाटतं तितकं जुनाट नाही. अण्णांनी वही छापायला लिहिली नव्हती. कोणी वाचेल याची त्यांना कल्पनाही नसेल. उद्या तुमचा फोन अनलॉक करून कोणी चार वर्षांची चॅट वाचली, तर तुम्हाला कसं वाटेल? तुम्ही नसाल, मग तर उत्तर द्यायलाही कोणी नाही.

कायदा याबाबत कोरडा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली प्रायव्हसी हा मूलभूत हक्क मानला. पण तो जिवंत माणसाचा. सुशांतसिंह राजपूतवरच्या सिनेमाविरोधात त्याच्या वडिलांनी दाद मागितली, तेव्हा २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की प्रायव्हसीचा हक्क माणसाबरोबर संपतो, तो वारशाने मिळत नाही. वही ही वस्तू मात्र वारशाने मिळते, तिच्यातल्या मजकुराचा कॉपीराइटही मिळतो. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने अण्णांची वही आमची आणि अण्णांची लाज कोणाचीच नाही.

मनाला हे पटत नाही. आपण मेलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळतो, त्याची शेवटची इच्छा पुरी करतो, त्याच्यामागे त्याची निंदा झाली तर चिडतो. माणूस गेल्यावरही त्याचं काहीतरी आपल्यावर देणं राहतं, असं आपल्याला खरोखर वाटतं. प्रश्न एवढाच की ते देणं नेमकं काय आहे.

त्याची इच्छा पाळणं, हे पहिलं उत्तर. पण इच्छा कळणार कशी? फ्रान्झ काफ्का १९२४ साली गेला तेव्हा त्याने मित्राला, माक्स ब्रोडला, लिहून ठेवलं होतं की माझं सगळं अप्रकाशित लिखाण न वाचता जाळून टाक. ब्रोडने जाळलं नाही, छापलं. त्याने असा बचाव केला की मी जाळणार नाही हे काफ्काला ठाऊक होतं, खरंच जाळायचं असतं तर त्याने दुसरा माणूस निवडला असता. हा बचाव सोयीचा आहे, पण खोटाही ठरवता येत नाही.

अ‍ॅन फ्रँकचं उदाहरण याहून अवघड आहे. मार्च १९४४ मध्ये लंडनहून रेडिओवर एका डच मंत्र्याचं आवाहन तिने ऐकलं. युद्धकाळातल्या डायऱ्या, पत्रं जपून ठेवा, असं ते आवाहन होतं. तिने आपली डायरी छापण्याच्या दृष्टीने पुन्हा लिहायला घेतली. म्हणजे तिची इच्छा स्पष्ट होती. पण त्याच पहिल्या डायरीतली दोन पानं तिने खाकी कागद चिकटवून झाकून टाकली होती. पंचाहत्तर वर्षं ती झाकलेली राहिली. २०१८ साली संशोधकांनी कागद न काढता, फोटोच्या तंत्राने त्याखालची अक्षरं वाचली. निघाले काय, तर चार चावट विनोद आणि शरीरसंबंधांबद्दल तेरा वर्षांच्या मुलीचे काही तर्क. त्याची बातमी जगभर झाली. त्या मुलीने फक्त दोन पानं झाकली होती. बाकी सगळं उघडं ठेवून तिने जगाकडे एवढंच मागितलं होतं, आणि आपण तेही दिलं नाही.

एकाच माणसाला एकाच वहीबद्दल दोन इच्छा असू शकतात, हे यातून दिसतं. अण्णांचंही तसंच असेल. त्यांनी वही कोणाला दाखवली नाही. पण १९४८ नंतर ते चाळीस वर्षं जगले. घरात चूल होती, बंब होता. एक पान फाडून बंबात टाकायला किती वेळ लागतो? त्यांनी ते टाकलं नाही. फडक्यात बांधून ठेवलं. याचा अर्थ 'वाचा' असा होत नाही. पण 'जाळा' असाही होत नाही.

वहीतली इतर माणसं

सल्ला घ्यायला मी शहरातल्या एका संस्थेत गेलो. तिथे जुने कागद सांभाळणाऱ्या बाई आहेत. मी सगळी गोष्ट सांगितली. मला वाटलं त्या कागदाचं वय, शाई, वाळवी असं काही विचारतील. त्यांनी विचारलं, 'यात ज्यांची नावं आहेत, त्यांना विचारलं का?'

इतके दिवस आम्ही घरात भांडत होतो ते अण्णांच्या अब्रूवरून. काका अब्रू वाचवायला जाळा म्हणत होते, बहीण अब्रूपेक्षा सत्य मोठं म्हणत होती. शिंप्याचं नाव त्या भांडणात एकदाही निघालं नव्हतं. कायदासुद्धा आम्हालाच विचारतो, वारसांना. वहीत ज्याचं नाव आहे त्याला विचारत नाही.

कागदावर कोण येतं आणि कोण येत नाही, याला या शहरात मोठा इतिहास आहे. औरंगजेबाच्या काळात दख्खनच्या सुभ्याचा कारभार इथून चाले. त्याचे कागद किल्ले अर्कात पडून होते, ते पुढे हैदराबादला नेले. आज तिथल्या अभिलेखागारात मोगल काळाचे दीड लाखांहून जास्त कागद आहेत. त्यांत स्वारांच्या हजेऱ्या आहेत. प्रत्येक स्वाराचा चेहरा, रंग, तीळ, जखमेचा व्रण. त्याच्या घोड्याचा रंग आणि त्यावरचा डाग. पगार खरा माणूस घेतोय ना आणि घोडा बदलला नाही ना, हे पाहायला हे सगळं लिहिलं जाई. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या घोड्याच्या कपाळावरचा पांढरा ठिपका आपल्याला ठाऊक आहे. त्या स्वाराला रात्री झोप का येत नव्हती, ते ठाऊक नाही. सरकार जे लिहितं ते सरकारच्या कामाचं. माणसाचं आतलं लिहायला माणसाचीच वही लागते.

आणि वही लिहायला अक्षर लागतं, कागद लागतो, रिकामा वेळ लागतो. शिंप्याच्या घरात यातलं काही असेल असं वाटत नाही. त्याने कुलूप लावलं ही गोष्ट जगात फक्त एका ठिकाणी लिहिलेली आहे, अण्णांच्या वहीत. वही जाळली तर अण्णांची चूक जळेल, आणि त्याच काडीने त्याचा चांगुलपणाही जळेल. जाळायचा अधिकार आमचा आहे असं मानलं तरी, दुसऱ्याच्या एकुलत्या एका पुराव्यावर आमचा अधिकार कसा?

इथून वीस किलोमीटरच्या आत दौलताबादचा किल्ला आहे. तुम्ही सहलीला गेला असाल, अंधारीत मोबाइलचा टॉर्च लावून चढला असाल. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तीसेक कार्यकर्त्यांसह तिथे गेले होते. रमजानचे दिवस होते. दाराशी पाण्याचा हौद होता. प्रवासाची धूळ होती, म्हणून काहींनी हातपाय-तोंड धुतलं. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा ओरडत धावत आला की यांनी हौद बाटवला. माणसं जमली, शिवीगाळ झाली. शेवटी किल्ला पाहायला मिळाला तो पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन. अस्पृश्य हा हिंदूला जसा अस्पृश्य तसा मुसलमानालाही, हे बाबासाहेबांनी त्यातून दाखवलं.

हे आपल्याला कळतं ते एका छोट्या आठवणवजा लिखाणामुळे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' असं त्याचं नाव. बाबासाहेबांच्या हयातीत ते छापलं गेलं नाही. ते १९५६ साली गेले. त्यांच्या दिल्लीच्या घरातले काही कागद, घर रिकामं करताना उघड्यावर पडून पावसात भिजून गेले, असं त्यांचे सहकारी नानकचंद रत्तू यांनी लिहून ठेवलं आहे. बाकीचे कागद वर्षानुवर्षं वादात आणि सरकारी ताब्यात अडकले. महाराष्ट्र सरकारने त्यांचं लेखन खंडांत छापायला सुरुवात केली ती १९७९ साली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिका म्हणून काढलं. हीच सोसायटी इथलं मिलिंद महाविद्यालय चालवते, जे बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलं. म्हणजे हौदाकाठची ती दुपार वाचकांपर्यंत यायला छप्पन्न वर्षं लागली, आणि मधल्या एखाद्या पावसात ती पानं गेली असती तर आलीच नसती.

त्या लिखाणात एक बारीक गोष्ट आहे. म्हाताऱ्याचं नाव नाही. घटना आहे, जागा आहे, महिना आहे, म्हाताऱ्याची दाढीसुद्धा आहे, नाव नाही. नाव ठाऊक नसणं हे साधं कारण असेल. पण परिणाम असा झाला की वाचणाऱ्याला त्या एका म्हाताऱ्यावर राग काढून मोकळं होता येत नाही. त्याला त्या रिवाजाकडे पाहावं लागतं.

मी नावं का लिहिली नाहीत, त्याचं अर्धं कारण हे. उरलेलं अर्धं साधं आहे. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

थोडं कमी करून देऊ

आत्याच्या मुलाने तोडगा काढला. वह्या द्या, पण ती चार पानं काढून. बाकी वहीत काय वाईट आहे? शाळा, गुळाचा भाव, पाऊसपाणी. संशोधकांना तेच हवं असतं.

हा मोह जुना आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत अडकले, झाशीत होते, जीव वाचवून परत आले. वीस-पंचवीस वर्षांनी त्यांनी तो प्रवास चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून लिहून काढला. वैद्यांनी तो १९०७ साली 'माझा प्रवास' म्हणून छापला, पण जसाच्या तसा नाही. भाषा बदलली, मजकुरात फेरफार केले. एका भिक्षुक ब्राह्मणाचं बोलणं तेव्हाच्या शिष्ट मराठीत आलं. वैद्यांचं मोठेपण असं की त्यांनी मूळ हस्तलिखित फेकलं नाही, पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ठेवलं. म्हणून दत्तो वामन पोतदारांना १९६६ साली मुळाबरहुकूम आवृत्ती काढता आली. आज आपल्याकडे दोन्ही आहेत. गोडसे भटजींनी काय पाहिलं ते, आणि १९०७ साली काय झाकावंसं वाटलं तेही.

सगळ्याच झाकलेल्या कागदांचं नशीब असं नसतं. १९४८ च्या पोलीस अ‍ॅक्शनबद्दल मराठवाड्यातल्या शाळेत आपण काय शिकलो? रझाकारांचे अत्याचार, १३ सप्टेंबरला फौजा आल्या, १७ सप्टेंबरला मुक्ती. हे खरंच आहे. रझाकारांनी गावं जाळली, माणसं मारली, आणि त्या भीतीत अण्णा-आजी बंद घरात श्वास रोखून बसले होते. पण गोष्ट १७ तारखेला संपत नाही. त्यानंतरच्या आठवड्यांत मुसलमान वस्त्यांवर जे झालं, ते पाहायला पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली एक समिती पाठवली. समिती नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तीन आठवडे फिरली. तिचा अंदाज असा होता की संस्थानात कमीत कमी सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली. अहवाल प्रसिद्ध झाला नाही. कित्येक दशकं तो फक्त ऐकीव राहिला. अलीकडे तो दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालयात वाचायला मिळू लागला.

त्यावेळी न छापण्याची कारणं असतील. जखमा ओल्या होत्या, पुन्हा आग लागली असती. मला ती कारणं कळतात, कारण माझा भाऊही तेच म्हणतोय. चार पानं काढू, उगाच कशाला. सरकार आणि घर यांचं लपवायचं कारण बहुतेक वेळा एकच असतं, आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं. काळजी. अडचण अशी की काळजीने फाडलेलं पान आणि भीतीने फाडलेलं पान नंतर सारखंच दिसतं. आणि चार पानं काढलेली वही खोटं बोलायला लागते. अण्णा तिच्यात निव्वळ सज्जन मास्तर उरतात. शिंपी उरतच नाही.

सगळं आत्ताच का?

मग बहिणीचं काय चुकलं? सत्य आहे तर टाका ना लोकांसमोर. तिच्याशी माझं बरंच बोलणं झालं. तिचा एक मुद्दा मला खोडता आला नाही. ती म्हणाली, 'संग्रहात दिलं की संपलं. कपाटात जाईल. तू, मी आणि एखादा पीएचडीवाला. शिंप्याच्या पणतीला तिथे कोण जाऊ देणार आहे?'

ते खरं आहे. आपल्याकडे कुठल्या घरांचे कागद संग्रहात पोचले, हे पाहिलं तरी कळतं. इतिहासाचार्य राजवाडे वाड्यावाड्यांतून दप्तरं गोळा करत हिंडले, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' चे बावीस खंड त्यातून निघाले, पहिला १८९८ साली. मोठं काम. पण दप्तर सापडायला मुळात वाडा असावा लागतो. कुणबिणीचं, शिंप्याचं, हौदाशी अडवलेल्या माणसाचं दप्तर नसतं. त्यांचं जे काही आहे ते दुसऱ्यांच्या वहीत, एखाद्या ओळीत.

तरीही पोस्ट करण्यावर माझा आक्षेप आहे. पोस्ट केलेल्या गोष्टीला मागे घेता येत नाही, आणि तिच्याभोवतीचं काही टिकत नाही. 'मशीन सांभाळायला आणली' या ओळीचा स्क्रीनशॉट निघाला की त्याचे दोनच अर्थ उरतील. एकाला त्यात चोर हिंदू मास्तर दिसेल, दुसऱ्याला पळपुटा मुसलमान. उन्हाळ्यातलं कुलूप त्या स्क्रीनशॉटमध्ये नसेल. शिवाय त्या तीन मुलांपैकी कोणी आज ऐंशीच्या घरात जिवंत असेल. आपल्या घरातून रात्री निघून जाण्याची गोष्ट त्याने कदाचित स्वतःच्या नातवंडांनाही सांगितली नसेल. ती त्याने कधी सांगायची, हे आमच्या रीलने ठरवायचं?

संस्थेतल्या बाईंनी मला संग्रहाचं एक साधं तंत्र सांगितलं. कागद देताना अट घालता येते. इतकी वर्षं बंद. अमुक माणूस हयात असेपर्यंत बंद. किंवा वाचता येईल, पण नावं छापता येणार नाहीत. मी तोपर्यंत समजत होतो की जपणं म्हणजे उघडं करणं. तसं नाही. जाळणारा म्हणतो, कधीच नको. पोस्ट करणारा म्हणतो, आत्ताच. या दोन्हींत आपण आजच्या आपल्या लाजेवर किंवा आजच्या आपल्या रागावर कायमचा निर्णय घेऊन टाकतो. संग्रहात बंद ठेवणारा म्हणतो, आहे, फाडलेलं नाही, आणि कधी उघडायचं ते माझ्यापेक्षा थंड डोक्याचा कोणीतरी ठरवेल.

यालाही मर्यादा आहे, आणि बहिणीचा मुद्दा तिथेच लागतो. वाट पाहणं आम्हाला परवडतं. मशीन आमच्याकडे आहे. पन्नास वर्षांनी वही उघडेल तेव्हा आमचं काही बिघडणार नाही, आणि ज्याची मशीन होती त्याच्या घरातलं शेवटचं आठवणारं माणूसही गेलेलं असेल. बंद ठेवण्याची अट ही दुबळ्याच्या रक्षणासाठी असते, पण ती बलवानाच्या सोयीचीही होते. दोन्ही एकाच कुलपाने.

म्हणून मला आता वाटतं, की क्रम चुकला तर संग्रहात देणंही पळवाट ठरते. आधी ज्यांची नावं वहीत आहेत त्यांना शोधायचं. सापडले तर वही त्यांना दाखवायची, आणि कधी, किती उघडायची हे त्यांना विचारायचं. हा त्यांच्यावर उपकार नाही. वहीचा तेवढा भाग त्यांचा आहे. अण्णांनी मशीन सांभाळायला आणली होती ना, मग वही तरी सांभाळायला ठेवलेली आहे असं आम्ही वागावं.

मी गावी जाऊन आलो. घर नाही, तिथे आता खताचं दुकान आहे. एका म्हाताऱ्या गृहस्थांना शिंपी आठवतो. 'परभणीकडं गेले म्हणत होते, मग हैदराबादला,' ते म्हणाले. एवढ्यावर कोणी सापडतं का? माहीत नाही. शोध सुरू आहे.

आत्याचं पान

हे सगळं मी आत्याला सांगायला गेलो. मशीन तिच्या खिडकीखाली आहे. वर क्रोशाचा रुमाल आणि त्यावर औषधांचा डबा.

ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, 'तुला काय वाटतं, मला माहीत नव्हतं?'

मला खरंच धक्का बसला.

आजीने सांगितलं होतं तिला. लग्नात मशीन देताना. 'आपली नाही, पण चालव,' असं म्हणाली होती. अण्णा दर दसऱ्याला मशीनची पूजा व्हायची तेव्हा बाहेर जाऊन बसायचे, तेही आत्याने पाहिलं होतं. तिला कारण विचारायची हिंमत झाली नव्हती. पुढे यजमान गेले, पोरं लहान, मशीन हाच आधार. 'तेव्हा मला तो शिंपी आठवत नव्हता रे. मला फी आठवायची.'

मी म्हटलं, 'आत्या, तुझं काही चुकलं असं कोणी म्हणत नाहीये.'

'म्हणतील की. वही वाचणारा म्हणेल. त्याला काय ठाऊक पुढं काय झालं?' ती थांबली. 'अण्णांचं तेवढं तू देशील, आणि माझे चाळीस वर्षांचे ब्लाउज कोण लिहिणार?'

मी तिला वही-पेन आणून दिलं. मला वाटलं ती हसण्यावारी नेईल. तिने चष्मा लावला. एक पूर्ण पान लिहायला तिला दोन दिवस लागले, कारण हात थरथरतो. त्यात तिने लिहिलं आहे की मशीन कोणाची होती, कोणी आणली, तिच्यावर काय काय शिवलं, कोण शिकलं. आजीचं वाक्य लिहिलं आहे. शिंप्याचं नाव लिहिलं आहे, ते तिला पाठ होतं. शेवटी लिहिलं आहे की त्या घरचं कोणी आलं तर मशीन त्यांना द्यावी, चालू स्थितीत आहे, फक्त पट्टा बदलावा लागेल.

ते पान आता चौथ्या वहीसारखं त्याच फडक्यात आहे. काकांना अजून पटलेलं नाही. बहिणीने स्कॅन फोनमधून काढून एका हार्ड डिस्कवर ठेवलेत आणि ती हैदराबादमधल्या तिच्या एका मैत्रिणीमार्फत चौकशी करते आहे. संस्थेतल्या बाईंना मी सांगितलं आहे की वह्या येतील, पण थोडं थांबा.

मागच्या आठवड्यात आत्याने पट्टा बदलून घेतला.